मंडळीची साडी

लाँड्रीवाल्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. कपडे कधी मिळतील आणि डाग निघेल का. नगरच्या सावेडीतल्या माझ्या दुकानात माझी सगळी उमर या दोन प्रश्नांची उत्तरं देण्यात गेली. पहिल्याचं उत्तर मी कायम 'उद्या' असं द्यायचो आणि ते बहुतेक वेळा खोटं ठरायचं. दुसऱ्याचं मात्र मी कधी खोटं दिलं नाही. निघणार नसेल तर निघणार नाही म्हणून तोंडावर सांगायचो, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. गेल्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि दुकान बंद केलं. तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, डाग काढणं म्हणजे साबण लावून घासणं. तसं केलंत तर अर्ध्या डागांचं तुम्ही कापडाशी कायमचं लग्न लावून देता. आधी विचारायचं असतं, डाग कशाचा आहे आणि कधीचा आहे. आणि इथंच पंचाईत होते, कारण माणसं डॉक्टरशी बोलतात तितकंच लाँड्रीवाल्याशीही खोटं बोलतात. एक निवृत्त मामलेदार होते. पट्टी घेऊन पँटची घडी मोजायचे, इतके काटेकोर. पण पांढऱ्या सदऱ्यावर दर आठवड्याला लाल ठिपके असायचे आणि दर आठवड्याला ते 'बीट खाल्लं होतं' म्हणून सांगायचे. घरात तंबाखू-पान बंद होतं, बाईसाहेब कडक होत्या. मी बिटाचे डाग म्हणून पानाचे डाग काढत राहिलो. त्यांच्या बाईसाहेब एकदा दुकानात येऊन म्हणाल्या, "शांतवनभाऊ, ते बीट जरा कमी खायला सांगा त्यांना." म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

मेणाचा डाग असेल तर वर जाड कागद ठेवून गरम इस्त्री फिरवायची, मेण कागदात येतं. नाताळानंतर चर्चच्या टेबलावरची कापडं यायची, ती अशीच साफ व्हायची. हळदीची गोष्ट सगळ्यात वेगळी. हळदीला साबण लावला की ती चिडून लाल होते. तिला साधं पाणी द्यायचं आणि उन्हात ठेवायचं. ऊन तिला हळूहळू घेऊन जातं. बाकी कुणाचं ती ऐकत नाही.

हे हळदीचं मी मुद्दाम आधीच सांगून ठेवलं आहे.

मी ख्रिस्ती आहे. आमचं गाव म्हणजे गोदाकाठी पुणतांब्याच्या अलीकडची एक वाडी. तिथं एक लहानसं चर्च आहे, दगडी भिंतींचं, वर पत्रा. आम्ही त्या इमारतीला चर्च म्हणतो आणि तिच्यात जमणाऱ्या माणसांना मंडळी. शास्त्रात या मंडळीला बरीच नावं दिलेली आहेत. आमच्या तरुण पाळकसाहेबांनी एकदा दर रविवारी त्यातलं एकेक घेऊन उपदेश केला, आणि मला महिनाभर नगरहून दर रविवारी एसटीने गावी जावंसं वाटलं ते त्याच वेळी. मंडळी म्हणजे देवाची इमारत आणि आपण तिचे जिवंत चिरे, हे सांगितलं त्या दिवशी वसंत मिस्त्री ताठ बसला होता. त्यानेच चर्चची मागची भिंत बांधली होती. मंडळी म्हणजे वेल आणि आपण फाटे, त्या रविवारी द्राक्षबागवाला मार्कस मान डोलवत राहिला. मंडळी हे एक शरीर आहे, त्या दिवशी आमचे जुने कंपाउंडर सगळ्यांकडे पेशंटकडे बघावं तसं बघत होते. प्रत्येकाला आपापली मंडळी सापडली.

माझा रविवार शेवटी आला. मंडळी म्हणजे नवरी आणि प्रभू तिचा नवरदेव. डाग नसलेली, सुरकुती नसलेली. हे ऐकून मी जागचा सावरून बसलो. पाळकसाहेब म्हणाले, "आपल्याकडे नवरीला तिच्या घरच्या बाया न्हाऊ-माखू घालतात. इथं मात्र नवरदेव स्वतः तिला धुतो आणि मग आपल्याशेजारी उभी करतो." उपासना सुटल्यावर मी त्यांना सलाम करून म्हटलं, "साहेब, म्हणजे नवरदेव लाँड्रीवालाच की!" ते इतके हसले की त्यांचा चष्मा खाली आला. पुढे नगरच्या एका सभेत त्यांनी हे वाक्य आपलं म्हणून वापरलं. मी तिथं होतो. मी काही बोललो नाही, पण घरी येऊन बायकोला सांगितलं.

आता साडीविषयी सांगतो. आमच्या मंडळीत लग्नाची एकच साडी आहे. खूप पूर्वी शाळेतल्या एका बाईंनी स्वतःच्या लग्नातली साडी मंडळीला देऊन टाकली. पांढरी, बारीक सुताची, काठाला चंदेरी जर. तेव्हा लोकांकडे लग्नात नेसायला धड लुगडं नसायचं. तेव्हापासून वाडीतली प्रत्येक मुलगी चर्चमध्ये उभी राहते ती याच साडीत. आता पोरींचे बाप हजारो रुपयांचे घागरे घेतात, पण तो घागरा जेवणाच्या वेळी. वचनं द्यायची ती मंडळीच्या साडीत. माझी आई त्या साडीत उभी राहिली, माझी बायको राहिली. लग्न झालं की साडी एसटीने नगरला माझ्या दुकानी यायची आणि मी धुऊन, हलकी खळ देऊन, घडी करून परत पाठवायचो. तिचे मी कधी पैसे घेतले नाहीत, आणि कुणी दिलेही नाहीत.

ती साडी सांभाळायची दीनाआत्या. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिच्या पत्र्याच्या पेटीत, डांबरगोळ्यांमध्ये साडी असायची. पेटीची किल्ली आत्याच्या कमरेला. आत्याला एकुलता एक मुलगा, विनय. माझ्यापेक्षा बराच लहान, मी त्याला खांद्यावर घेऊन नदीवर न्यायचो. विनयचं लग्न ठरलं ते वाडीतल्याच मर्सीशी. हळदीच्या संध्याकाळी नवरीच्या घरी साडी पोचवायची वेळ झाली आणि हा शहाणा आत्याच्या कमरेची किल्ली ओढून, स्वतःच पेटी उघडून साडी घेऊन निघाला. हाताला हळद तशीच. आत्या मागनं ओरडली, "आरं ए, हात! हात बघ तुझं!" तोवर व्हायचं ते झालं होतं. साडीवर चार बोटं आणि एक अंगठा, पिवळे धमक. मर्सीने ते बघितलं आणि चिडायच्या ऐवजी हसत सुटली. दुसऱ्या दिवशी निऱ्या अशा घातल्या की डाग आत गेला. समोरून साडी पांढरीच्या पांढरी.

लग्नानंतर साडी माझ्याकडे आली तेव्हा पावसाळी ढग होते. ऊन नाही तर हळद निघत नाही. मी नुसतं पाण्यातून काढलं, रंग फिका झाला, बोटं तशीच राहिली. पुढच्या वेळी काढू म्हटलं. पुढची वेळ यायच्या आत ऊस भरलेली ट्रॉली उलटली आणि विनय गेला. मर्सी तेव्हा माहेरी जाऊ शकली असती. गेली नाही. आत्याजवळ राहिली, अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. दोघी एका ताटात जेवायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यानंतर वाडीत दुसऱ्या एका मुलीचं लग्न झालं आणि साडी माझ्याकडे आली. सोबत आत्याचा निरोप होता. 'बाकीची धू. त्या पिवळ्या डागाला हात लावू नको.' मला जास्त काही विचारावं लागलं नाही. मी तो भाग साबणापासून लांब ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळदीचा कपडा सावलीत वाळवला. डाग न काढण्यासाठी इतकी मेहनत मी कधी घेतली नव्हती. नंतरच्या पोरींनी निऱ्या घालताना बोटं आत घेतली. त्यांना त्यांच्या आयांनी सांगितलं होतं. कुणी तक्रार केली नाही.

मग एक दिवस मिस्त्रीचा फोन आला. मर्सीसाठी केडगावचं स्थळ आलं होतं. दाविद नावाचा, शाळेची बस चालवणारा, पहिली बायको वारलेली. स्थळ आत्यानेच शोधलं होतं. लग्न वाडीतल्या चर्चमध्ये करायचं आणि मर्सी मंडळीच्या साडीत उभी राहील, असं आत्याने पंचांना सांगितलं होतं. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी चार माणसं; मिस्त्री, मार्कस आणि कंपाउंडर त्यांतलेच. त्यांची अडचण झाली. आजवर एक बाई त्या साडीत एकदाच उभी राहिली होती. दुसऱ्यांदा कुणी मागितलीच नव्हती, म्हणून नियमही नव्हता. पण नाही तरी कसं म्हणायचं, आणि तेही दीनाआत्याला?

मिस्त्री म्हणाला, "शांतवन, तू एवढंच कर. साडी आता लई जीर्ण झाली, अजून एक धुनं सोसनार न्हाई, असं सांग. तुझा शबुद कोन मोडनार? कुनाचं मन बी दुखनार न्हाई."

खरं सांगतो, मला ती युक्ती वाईट वाटली नाही. कुणालाच नाही म्हणावं लागलं नसतं. नाही म्हटलं असतं ते साडीने. फोन ठेवला तेव्हा बायको भाजी निवडत होती. ती न बघताच म्हणाली, "साडी खरंच फाटलीय का?" मी म्हटलं, "नाही." "मग?" म्हणाली.

रविवारी गावी गेलो. उपासना संपल्यावर पंच, पाळकसाहेब, आत्या आणि मी चर्चमध्येच सतरंजीवर बसलो. मर्सी मागे दाराजवळ भिंतीला टेकून उभी होती. मिस्त्रीने माझ्याकडे बघून घसा साफ केला आणि विचारलं, "तर मग शांतवन, साडीचं काय म्हननं हाय तुझं?"

मी म्हटलं, "साडी चांगली आहे. काठाला दोन टाके घातले की माझ्या नाती उभ्या राहतील तिच्यात."

मिस्त्रीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याची भिंतच पाडली. मग जे बोलायचं नव्हतं ते बोलावं लागलं, आणि प्रत्येक जण आपापल्या रविवारातून बोलला.

मार्कस म्हणाला, "आत्या, राग धरू नका. पन मर्सी आता केडगावच्या मंडळीची हुनार. दुसऱ्या वेलाला चाललेल्या फाट्याला आपन खत घालायचं व्हय?"

मिस्त्री म्हणाला, "इमारतीत एक चिरा हलवला की शेजारचं बी ढिलं हुत्यात. आज हिला दिली, उद्या आनखी कोन मागंल. रीत ती रीत."

मागून मर्सी म्हणाली, "मला साडी नको. माझ्यापायी भांडू नका. आमी कोर्टात सही करू, झालं."

"सही कर," आत्या मान न वळवता म्हणाली, "पन आधी हितं उभी ऱ्हा."

मग ती कंपाउंडरांकडे वळली. ते अजून एक शब्द बोलले नव्हते. "कंपाउंडर, माझा विनय गेला तवा तुमी माझ्या दारात येऊन काय म्हनला हुता?"

कंपाउंडर गोंधळले. "आता कसं आठवंल, आत्या?"

"मला आठवतंय. मंडळी शरीर हाय, म्हनला. एक अवयव दुखला की समदं शरीर दुखतं. समदे आला हुता. ह्यो मिस्त्री बी आला. ह्यो मार्कस चार दिस बागंत गेला न्हाई. तुमी आलात म्हनून मी जगले, खोटं कशाला बोलू? मंग आता त्याच अवयवाला जरा बरं वाटाया लागलंय. तर बाकीच्या शरीराला बरं वाटाया नको? का तुमचं शरीर निस्तं दुखायलाच हाय?"

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "शास्त्रात ते दोन्ही शेजारीशेजारीच लिहिलंय, आत्या. दुखणंही आणि आनंदही. आम्हीच अर्धं सांगतो."

मिस्त्री सतरंजीचा दोरा ओढत बसला होता. त्याच्या आवाजातली धार गेली होती. म्हणाला, "माझी ताई इसाव्या वर्षी रांडाव झाली. आमच्या घरात म्हातारी होऊन मेली. तिला कुनी इचारलं बी न्हाई. ना तुमी, ना मी." मग डोळे पुसून एकदम माझ्यावरच उखडला, "टाकं नीट घाल काठाला! लग्नात जर लोंबली तर बघ!"

पंचांचा ठराव झाला तो असा.

लग्न छान झालं. दाविद उंच आणि अबोल माणूस आहे; वचनं देताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की मागच्या रांगेतून कुणीतरी "मोठ्यानं!" म्हणून ओरडलं. मर्सी साडीत उभी राहिली आणि तिच्या निऱ्या कशाही पडल्या तरी चालणार होतं. का, तेच सांगायचं राहिलं आहे.

लग्नाच्या आधीच्या सोमवारी आत्या स्वतः साडी घेऊन नगरला आली. इतक्या वर्षांत ती माझ्या दुकानात कधी आली नव्हती. दुकान तेव्हा आवरतच आणलं होतं, ही साडी माझं शेवटचं काम. आत्याने चहा घेतला नाही. पिशवीतून साडी काढली, मांडीवर उलगडली आणि ती जागा काढून माझ्यापुढे धरली.

"निघंल का रं?"

हा प्रश्न मी हजारदा ऐकला होता. पण त्या दिवशी मी ती जागा उगाच उजेडाकडे धरून बघितली.

"निघेल, आत्या. उन्हात निघेल. पण काढायचाच का? निऱ्यांत जातोय की तो."

"न्हाई. पोरगी दुसऱ्याच्या घरला चाललीय. माझ्या लेकाचा हात तिच्या पोटापाशी ठिवून धाडू का? दाविद काय म्हननार न्हाई, भला हाय. पन तिला वझं हुईल." मग साडीवर हात फिरवत म्हणाली, "तिनं मला सोडलं न्हाई. मंग मीच सोडवाया पायजे न्हवं?"

आम्ही साडी घेऊन गच्चीवर गेलो. मी दोरीवर साडी पसरली, ती जागा वर उन्हाकडे केली आणि पाणी शिंपडायला तांब्या घेतला. आत्याने तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "मी घालते." मला स्टूल दिलं तसं तिने स्वतःही एक पायरीवरचा डबा ओढून घेतला आणि साडीजवळ बसली. बोटांच्या टोकांनी पाणी शिंपडायची, वाळलं की परत शिंपडायची. विनय लहान असताना त्याला ताप आला की कपाळावर अशाच पट्ट्या ठेवायची.

सावेडीत भर दुपारी गच्चीवर कुणी नसतं. आम्ही दोघं एक पांढरी साडी राखत बसलो होतो. हळद एकदम जात नाही. बघत राहिलं तर काही होतंय असं वाटत नाही, नजर दुसरीकडे नेऊन परत आणली की थोडी कमी झालेली असते. आत्या मात्र नजर हलवत नव्हती.

"करंगळी गेली," ती म्हणाली.

मी तोंड फिरवून दोरीवरचे चिमटे तपासले. लाँड्रीवाल्याने गिऱ्हाइकाच्या कपड्यावर रडू नये.

थोड्या वेळाने म्हणाली, "लहानपनी ह्या बोटानं ताटातलं तूप चाटायचा." ते बोटही मग दिसेनासं झालं. मग उरलेली दोन. शेवटी अंगठा राहिला. अंगठ्याने त्याने साडी घट्ट धरली असणार, तिथं हळद सगळ्यात दाट होती. ऊन कलायला लागलं होतं, पण अजून तेवढ्याला पुरलं असतं.

आत्या उठली. पदर सारखा केल्यासारखं करून ती सूर्याच्या आणि साडीच्या मध्ये उभी राहिली. तिची सावली बरोबर अंगठ्यावर पडली. मी बघितलं, आणि बघितलं नाही असं केलं. आत्या तशीच उभी होती, हातात रिकामा तांब्या. खालून एक रिक्षा गेली. पलीकडच्या गच्चीवर कुणाचे तरी कपडे वाऱ्याने हलत होते.

मग आत्या स्वतःच एक पाऊल बाजूला सरकली आणि उन्हाला म्हणाली, "घे."